वाचकांचे प्रश्न : आगमनकाळातील वाकळ

प्रश्न : यंदा पावसाळ्यात आमच्या सासूबाई देवाघरी गेल्या. त्यांची शहापूरची आणि इरकली लुगडी पेटीत तशीच पडून आहेत. आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या वस्तीतील) बायकांनी मिळून वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवण्याचे ठरवले आहे. त्यासाठी ही लुगडी द्यावीत असे मला वाटते, पण कात्री लावायला हात धजत नाही. शिवाय काही जणी म्हणतात की हा काळ प्रार्थनेचा आहे, सुई-दोऱ्याचे काम नाताळनंतर करावे. आपले मत काय? (एक भगिनी, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, आधी दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे वर्षानुसार २२ ते २८ दिवस चालतो. या दिवसांत प्रभूची वाट पाहायची असते, पण ती हातावर हात ठेवून नव्हे. दरवर्षी दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान आपल्यापुढे येतो. लोकांनी त्याला ‘आम्ही काय करावे?’ असे विचारले, तेव्हा ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने नसणाऱ्याला एक द्यावा, असे त्याने सांगितल्याचे लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. अन्नाचा उल्लेख त्यानंतर येतो, वस्त्राचा आधी. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसासाठी डिसेंबरात वाकळ शिवणे हे या उपदेशाचे सरळ पालन आहे, म्हणून ते काम नाताळनंतरवर ढकलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता लुगड्यांविषयी. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा, जिला दुर्कस असेही म्हणत, तिच्या मृत्यूची हकिकत आहे. प्रेषित पेत्र माडीवर गेला तेव्हा तिथल्या विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. ती कशी होती हे सांगायला त्यांना दुसरे काही सापडले नाही, आणि दुसऱ्या कशाची गरजही नव्हती. आपल्या सासूबाईंच्या लुगड्यांचेही तसेच होऊ द्या. नोव्हेंबरात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, कबरीवर मेणबत्ती लावतो. तो महिना संपता संपता आगमनकाळ लागतो, आणि पेटी उघडायला याहून योग्य वेळ मला दिसत नाही. मात्र सगळी लुगडी देऊ नका. एखादे अखंड ठेवा, नातवंडांना दाखवायला. उरलेल्यांपैकी वापरून मऊ झालेली लुगडी घडी घालून आतल्या थरांना लावली तर त्यांना फारशी कात्री लागतही नाही; काठ आणि पदर तेवढे वेगळे काढून वरच्या बाजूला घ्यावेत. मोठी वाकळ हाती घेतली तर ती नाताळपर्यंत पुरी होण्याची शक्यता कमी. चार जणी चार बाजूंनी बसणार असाल तर घ्या, नाहीतर लहान मुलाच्या अंगावर पुरेल एवढीच घ्या.

शिवताना मनन कसे करावे, असे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. प्रत्येक रंगाला आणि प्रत्येक टाक्याला काही ना काही अर्थ चिकटवत बसण्याची पद्धत मला पटत नाही, कारण त्यात मन कामावरून आणि देवावरूनही उडते. कडेने धावदोरा घालून फेऱ्या मारत मधे येत जावे, आणि एका फेरीला रोझरीचे (जपमाळेचे) एक दशक, म्हणजे दहा मणी, किंवा एखादे स्तोत्र म्हणावे, एवढे पुरे. पण १७ डिसेंबरला मिस्सामध्ये (चर्चमधील उपासनेत) मत्तयकृत शुभवर्तमानातील येशूची वंशावळ वाचली जाते, ती त्या दिवशी शिवायला बसण्यापूर्वी एकीने मोठ्याने पुन्हा वाचावी. ती नावांची कंटाळवाणी यादी आहे असे समजून आपण तिकडे लक्ष देत नाही. त्या यादीत मरियेखेरीज चार स्त्रिया आहेत : सासऱ्याकडून न्याय मिळेना म्हणून वेश पालटून वाटेवर बसलेली तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाब देशातून विधवा होऊन सासूबरोबर आलेली रूथ, आणि जिचे नावही न घेता मत्तय ‘उरियाची बायको’ एवढेच म्हणतो ती. यांना गाळूनही वंशावळ पुरी झाली असती. मत्तयाने त्यांना गाळले नाही, आणि तारणारा त्यांच्याच वंशात जन्मला. आपल्यापुढे पसरलेल्या कापडात फाटलेले, डाग न गेलेले, कुणाच्या वाईट दिवसांतले तुकडे असतील, ते हाती घेताना हे वाचन आठवावे. रूथची गोष्ट तर सासू-सुनेचीच आहे. ती आपण एकट्याने, लुगडी निवडण्याआधी वाचावी.

प्रश्न : नव्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्राला कोणी लावत नाही, असे प्रभू येशूने म्हटले आहे. मग ठिगळे जोडून केलेल्या वाकळेचा ख्रिस्ती मननाशी मेळ कसा घालायचा? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : मार्क २:२१ मधील हे वचन कोऱ्या, पाण्यात न पडलेल्या कापडाविषयी आहे. असे कापड धुतल्यावर आटते आणि जुन्या वस्त्राला ओढून अधिक फाडते. शिवणाऱ्या बायका म्हणूनच वाकळेत धुऊन धुऊन आटलेले कापड घेतात आणि नवे घ्यावे लागले तर आधी भिजवतात. वचनाचा रोख उपासाविषयीच्या प्रश्नाकडे आहे : ख्रिस्ताने आणलेले नवेपण जुन्या रिवाजावर डकवता येत नाही. आगमनकाळात हे वचन स्वतःला लावून पाहावे. चार रविवार वेदीजवळ मेणबत्त्या लावल्या आणि शेजाऱ्याशी बांधावरून चाललेले भांडण तसेच ठेवले, तर ते कोरे ठिगळच होय.

प्रश्न : हल्याळकडच्या ख्रिस्ती सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांच्या कवंदीवर, म्हणजे त्यांच्याकडच्या वाकळेवर, क्रूस शिवलेला मी पाहिला आहे. आम्हीही शिवावा का? वाकळ अंथरली तर त्यावर पाय पडतील, अशी भीती वाटते. (एक भगिनी, लोंढा)

उत्तर : हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागातील सिद्दी समाजात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशी तिन्ही कुटुंबे आहेत आणि कवंदी तिघेही शिवतात. ख्रिस्ती घरांतल्या काही कवंद्यांवर क्रूस असतो. चारही कोपऱ्यांना बायका कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजली जाते. पांघरायच्या वाकळेवर, स्वतःच्या घरासाठी, क्रूस अवश्य शिवावा. अंथरायची असेल तर शिवू नये. आपल्या मनाला जे टोचते त्याचा मान राखावा.

आपली वाकळ दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाला द्यायची असेल, तरीही क्रूस शिवू नये असे माझे मत आहे. बेळगाव, चिकोडी, निपाणीकडे या दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या रानात खोपटी घालून राहतात आणि पहाटेच्या थंडीत लहान मुले त्यांच्याबरोबर असतात. गहाण घेतलेले पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी गरिबाला परत द्यावे, कारण त्याच्याजवळ तेवढेच असते, अशी आज्ञा बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. तो गरीब कोणाची उपासना करतो, याची चौकशी त्या आज्ञेत नाही. कोपऱ्यांना फुले मात्र लावा, आणि वाकळ पुरी होताच नेऊन द्या. नाताळच्या कार्यक्रमात वाटप करण्यासाठी ती अडवून ठेवू नका.