छोटा हत्ती घ्या, पण आधी बाजूच्या सीटवर बसा

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही धनकवडीत राहतो. मुलगा १९ वर्षांचा, एस.वाय.बी.कॉम.ला आहे. एप्रिलमध्ये वीस पूर्ण होतील. अभ्यासात लक्ष नाही, पण गाडी छान चालवतो, लायसन्सही काढलंय. त्याला छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालवाहू टेम्पो, घेऊन स्वतःची मालवाहतूक सुरू करायची आहे. त्याचा मामा म्हणतो, महिन्याला साठ हजार कुठे गेले नाहीत. ह्यांनी एफडी मोडून दीड लाख भरायचं ठरवलंय, बाकी ६ लाखांचं कर्ज. दसऱ्याला गाडी दारात हवी म्हणून ११ हजार देऊन बुकिंगही करून आलेत. मला झोप नाही. कॉलेज सोडून ड्रायव्हर झाला, हे पाहुण्यांत सांगायचं कसं? आणि गाडी चाललीच नाही तर? – एक आई, धनकवडी

उत्तर : ताई, पाहुण्यांचं आधी उरकून टाकू. स्वतःची गाडी, स्वतःची गिऱ्हाइकं, स्वतःचा हिशोब असलेल्या माणसाला धंदेवाला म्हणतात. पाहुण्यांना तसंच सांगा. त्यांचं घर बदलायची वेळ आली की तेच फोन करतील.

माझी काळजी वेगळी आहे. तुमच्या मुलाला दसऱ्याला ही गाडी रस्त्यावर चालवताच येणार नाही. मोटार वाहन कायद्यात कार अठराव्या वर्षी चालवता येते, पण व्यवसायाची, म्हणजे पिवळ्या पाटीची गाडी चालवायला वय वीस पूर्ण लागतं. शोरूममध्ये हे कुणी सांगितलं नसेल, कारण कर्ज आणि गाडी ह्यांच्या नावावर होईल, कागद पूर्ण होतील. पण एप्रिलच्या आधी काही अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळेल. एक गैरसमज मात्र काढून टाका : लायसन्सवर वेगळा बॅज, म्हणजे व्यावसायिक गाडीची नोंद, लागत नाही. ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, लायसन्सवर चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे. वयाची अट मात्र आहे तिथेच आहे.

आता मामांचे साठ हजार. तो गल्ला आहे ताई, कमाई नव्हे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेला एक मुलगा दुसऱ्याच्या टेम्पोवर होता. त्याला मी रोजची वही ठेवायला लावली होती. त्यातलं एक पान असं :

‘७ ला निघालो. नऱ्ह्यात फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये माल भरायला दीड तास. साडेअकराला चाकण. गेटपास, लाइन, सव्वादोनला गाडी खाली. भाडं १८००. परतीचा माल नाही. भोसरीत दोन तास फोन करत बसलो. शेवटी टिंगरेनगरचं एक वॉशिंग मशीन, ३५०. घरी ९. एकूण ११० किमी.’

हिशोब करून बघा. गल्ला २१५०. गाडी किलोला १६ देते आणि सीएनजी ९० रुपये धरला, तर सव्वासहाशेच्या आत इंधन. चहा-जेवण दीडशे. उरले साधारण १३८०. तुमचं ६ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी धरलं तर हप्ता १३ हजारांच्या आसपास बसतो. महिन्याला २६ दिवस गाडी चालली तर रोजचे ५००. विमा, टायर, सर्व्हिसिंग, पासिंग यांसाठी रोज २५० बाजूला. हातात ६३०, तेही चौदा तासांचे. आता याच पानात भोसरीहून पुण्याकडे १२०० चा परतीचा माल मिळाला असता, तर हातात १४८० आले असते. गाडी तीच आणि किलोमीटरही जवळपास तेवढेच. या धंद्यात पैसा मिळतो तो रिकामी परत फेरी आणि गेटवरचं थांबणं वाचवून. गाडी छान चालवता येणं ही फक्त सुरुवात झाली.

म्हणून माझं म्हणणं : गाडी शेवटी घ्या, भाडी आधी शोधा.

एप्रिलपर्यंतचे महिने म्हणजे फुकटची शाळा समजा. सुट्टीच्या दिवशी त्याला ओळखीच्या टेम्पोवाल्याच्या बाजूच्या सीटवर बसू दे. त्याला वय लागत नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे कुठल्या गाळ्यावरून कोणता माल निघतो, हमाली आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, कोण देतं, पेठांमध्ये मोठ्या गाडीला बंदी असताना छोट्या गाडीला कुठून शिरता येतं, नाना पेठेतून स्पेअर पार्ट भोसरीला रोज कोण पाठवतं, हे सगळं बघायला मिळेल. ॲपवरची भाडी घ्यावीत, पण पोट ॲपवर ठेवू नये. दर आणि कमिशन त्यांच्या हातात असतं, उद्या बदललं तर विचारायची सोय नाही. जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी माल देणारी तीन कायमची गिऱ्हाइकं झाली, की गाडी घ्यायला हरकत नाही.

गिऱ्हाईक टिकतं कशाने, तेही सांगतो. मागच्या वर्षी आमचं घर बदललं. चार टेम्पोवाल्यांना फोन केले. तिघांनी दर सांगून फोन ठेवला. चौथ्याने विचारलं, ‘लिफ्टमध्ये फ्रिज बसतो का? वॉचमन गाडी आत घेतो का? नव्या घरी मजला कितवा?’ दर त्याचाच जास्त होता. आला तेव्हा गोणपाटं, दोऱ्या, ताडपत्री सगळं बरोबर. फ्रिज आडवा करू दिला नाही त्याने, उभाच बांधला. त्यानंतर आमच्या सोसायटीतली आणखी चार घरं त्यानेच हलवली. असा मुलगा व्हायला ड्रायव्हिंग कमी आणि डोकं जास्त लागतं.

कागदांचं थोडक्यात. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, म्हणून पहिली गाडी त्याच्या आतलीच घ्या. नव्या गाडीची फिटनेस तपासणी (पासिंग) आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी. राज्यातल्या राज्यात १ लाखावरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं. ते पाठवणाऱ्याने काढायचं असलं तरी रस्त्यात अडकते गाडी तुमची, तेव्हा बिल मोबाइलवर आल्याशिवाय चावी फिरवायची नाही. ओव्हरलोडला कायद्यात २० हजार दंड आहे, वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २ हजार. ‘दोनच गोण्या जास्त आहेत रे’ म्हणणारा शेठ तो दंड भरत नाही. गाडीच्या विम्यात माल धरलेला नसतो, आणि हौद्यात बसवलेली माणसंही नसतात. गणपतीत मंडळाची पोरं मागे बसायला येतील, तेव्हा मित्रांना नाही म्हणायची सवय आत्तापासून लावा.

इलेक्ट्रिकचा विचार ठरलेला रोजचा मार्ग असेल तरच करा. पहिल्याच गाडीला मी तो सल्ला देणार नाही.

कर्जासाठी एफडी सगळी मोडू नका. मुद्रा योजनेच्या ‘तरुण’ गटात ५ ते १० लाखांचं कर्ज बसतं, बँकेत तेही विचारा. आणि काही झालं तरी तीन हप्त्यांचे पैसे, म्हणजे चाळीसेक हजार, हात न लावता ठेवा. पावसात भाडी पडतात, गाडी गॅरेजला जाते, हप्त्याची तारीख मात्र हलत नाही.

टी.वाय. सोडायचं कारण मला दिसत नाही. एप्रिलनंतर त्याला दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालवू दे, परीक्षाही देऊ दे. अकाउंट्सचा कंटाळा असेल तर वरचं वहीचं पान त्याच्यासमोर ठेवा, त्यातली बेरीज त्याला आवडेल. पुढच्या दसऱ्याला गाडी घेताना वय, वही आणि गिऱ्हाइकं तिन्ही हाताशी असतील.

राहिले बुकिंगचे ११ हजार. ह्यांना आजच शोरूमला पाठवा, पावती बरोबर द्या, बुकिंग रद्द करत असल्याचं लेखी देऊन त्याची पोच घ्यायला सांगा. चेसिस नंबर पडून गाडी तुमच्या नावावर लागायच्या आत हे झालं तर बरं. थोडे पैसे कापले तरी वाद घालत बसू नका, तुमच्या एका हप्त्यापेक्षा ते कमीच असतील.