जुन्या डेस्कटॉपवर लॉगिन करताना 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' येतं, मोबाइलवर तीच साइट चालते. 'तरीही पुढे जा' दाबू का?

नका दाबू, निदान पासवर्ड टाकायच्या पानावर तरी नाही. मोबाइलवर तीच साइट उघडते म्हणजे घोळ बहुतेक तुमच्या मशीनमध्येच आहे.

इशाऱ्याखाली करड्या अक्षरांत एक कोड असतो, तो वाचा. त्यात 'सर्ट डेट इनव्हॅलिड' असेल, किंवा घड्याळ मागे असल्याचं क्रोम सरळच सांगत असेल, तर कोपऱ्यातली तारीख बघा. नुसती वेळ नाही, सालसुद्धा. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे साइटच्या डिजिटल ओळखपत्रावर, 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं आणि ब्राउझर ते तुमच्याच घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१५ सालात अडकलं असेल, तर आजचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही.

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, सिंक नाऊ. पण फरक १५ तासांहून जास्त असेल तर विंडोज आपणहून वेळ दुरुस्त करायला नकार देतं, आणि लोक इथेच कंटाळून सोडून देतात. आधी हाताने तारीख-वेळ घाला, मग सिंक करा. टाइम झोन यूटीसी +०५:३० (भारताची वेळ) आहे ना, तेही बघा. झोन चुकीचा ठेवून काटे हाताने जुळवले, तर दिसायला वेळ बरोबर आणि आतून काही तास चूक.

मेन स्विच बंद केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढा, बाजूची छोटी क्लिप दाबा, जुना सेल वर उडी मारतो. नवा घालताना अधिक चिन्ह वर. लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वायरने जोडलेला असतो, तिथे दुकानदाराकडून करून घ्या.

तारीख बरोबर असूनही 'सर्ट अथॉरिटी इनव्हॅलिड' आलं, तर एक शक्यता अशी की मशीनकडची विश्वासू सर्टिफिकेटांची यादी जुनी झालीय. लेट्स एन्क्रिप्ट या साइटना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं ज्या जुन्या मूळ सर्टिफिकेटावर टेकलेली होती, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. नवं मूळ सर्टिफिकेट अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांना ठाऊकच नाही. फायरफॉक्स ब्राउझर स्वतःची यादी सोबत बाळगतो, म्हणून तो टाकून बघा. विंडोज ७ वर क्रोम १०९ वरच थांबलाय, फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ अपडेट मिळणारी) आवृत्ती मात्र चालते. दुसरी शक्यता अँटिव्हायरसची: त्यातली एचटीटीपीएस (साइटशी सुरक्षित जोडणी) तपासणी दोन मिनिटं बंद केली आणि इशारा गेला, तर चोर सापडला.

हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायवर असाल, तर त्यांचं ओटीपीचं पान मध्ये घुसायला बघतं आणि म्हणून इशारा येतो. आधी त्या वायफायचं लॉगिन उरका. तरीही इशारा राहिला तर मोबाइल डेटावर जा, त्या वायफायवर पासवर्ड टाकू नका.

इशारा गेला, पासवर्डही घेतला, पण पुन्हा लॉगिनचंच पान? बहुधा जुना बुकमार्क 'एचटीटीपी'ने सुरू होतोय. लॉगिनची कुकी (साइटने तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) 'सिक्युअर' असेल तर ब्राउझर ती फक्त एचटीटीपीएसवर पाठवतो, मग साइटला तुम्ही दर वेळी नवखेच. बुकमार्क काढून टाका, पत्ता 'एचटीटीपीएस' लावून टाइप करा आणि पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावरून फक्त त्या साइटच्या कुकी पुसा. सगळा ब्राउझर साफ केलात, तर बाकीच्या दहा साइटवरूनही लॉगआउट व्हाल.

ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड नाकारला जात असेल, तर फोनचं घड्याळ ऑटोमॅटिकवर ठेवा. तो कोड दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच तयार होतो.