लॅपटॉप आधी कपाटातून काढा

तासगावच्या एका बागायतदारांनी लिहिलंय: मुलगा सांगलीत बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षं युनिटी या गेम इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, काम करायचा, आता म्हणे गोडो या दुसऱ्या, 'फुकटच्या' इंजिनवर गेला. 'ही धरसोड थांबावी म्हणून लॅपटॉप कपाटात ठेवलाय. बेदाण्याचे पैसे आले की पुण्यात गेमिंगच्या कोर्सला घालतो, तेव्हाच देईन.'

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर कुणी तुमची कात्री कुलपात टाकली तर? मुलाचं इंजिन बदलणं मला खटकत नाही, तुमचं कपाट खटकतं. दोन वर्षं आपणहून शिकणारं पोर शिक्षा म्हणून कोर्सला गेलं, तर फी भरूनही मन तिथे लागायचं नाही.

आणि याला धरसोड म्हणू नका. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने जाहीर केलं, की ठरावीक कमाई आणि इन्स्टॉलचा आकडा ओलांडणाऱ्या गेमकडून पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेऊ. आधीच बाजारात असलेले गेमही त्यात धरले होते. बोंबाबोंब झाली, वर्षभरात ती आकारणी रद्दही झाली. पण मालक मधेच भाडं बदलू शकतो, हे छोट्या डेव्हलपरांना कळून चुकलं. गोडो 2014 पासून एमआयटी लायसन्सवर, म्हणजे कुणीही वापरा, बदला अशी मोकळीक देणाऱ्या परवान्यावर, खुला आहे. गेमच्या कमाईत वाटा मागत नाही. लायसन्सचा मजकूर गेमसोबत द्यायचा, बास. फुकट म्हणजे कच्चं, हा हिशोब इथे लागू नाही.

आता मुलासाठी. जुना प्रोजेक्ट गोडोत जसाच्या तसा उघडणार नाही. चित्रं, आवाज, मॉडेल येतील. सीन पुन्हा मांडावे लागतील, कोड नव्याने लिहावा लागेल. युनिटीत वापरतात ती सी शार्प भाषा येते म्हणून तीच धरून बसलास, तर गोडो 4 मधून ब्राउझरसाठी गेम काढताना अडशील. गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट घे. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पहिल्याच दिवशी 'कॉम्पॅटिबिलिटी' रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवायची पद्धत) निवड, मागाहून बदललास तर लाइटिंग पुन्हा जुळवत बसशील. गेमवर तुझी डिजिटल सही करणाऱ्या कीस्टोर फाइलची प्रत पेनड्राइव्हवर ठेव. प्ले स्टोअरची नोंदणी 25 डॉलर, एकदाच. पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ती माणसं आत्ताच जमव. आणि युनिटी विसरू नको, नोकरीच्या जाहिरातींत अजून तेच आणि अनरियल हे तिसरं इंजिन जास्त दिसतात. बीसीए तर पूर्ण करायचंच.

राहिला कोर्स. कोर्सवाल्यांना एवढंच म्हणा: मागच्या बॅचच्या मुलांनी पूर्ण केलेले गेम माझ्या फोनवर टाकून द्या. नुसतं ब्रोशर पुढे केलं, तर बेदाण्याचे पैसे घेऊन सरळ तासगावची एसटी धरा.