बाईंना विचारा : ‘मी जेवलो’ म्हणणारी मुलगी

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत कामाला आहेत. मुलगी तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. सासूबाई गडहिंग्लजकडच्या, त्यामुळे मुलगी त्यांच्यासारखंच ‘मी जेवलो’, ‘मी आलो’ म्हणायची. मे महिन्यात पुण्याला लग्नाला गेलो होतो. तिथं पंगतीत ती ‘मी जेवलो’ म्हणाली आणि सगळे हसले. तेव्हापासून ती मराठीत बोलतच नाही. आम्ही मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. मी सासूबाईंना म्हटलं, तिच्याशी शुद्ध बोला, नाहीतर बोलू नका. आता त्याही गप्प झाल्या आहेत. शाळेतून सांगतात, घरी इंग्रजीच बोला. मला तिला मराठी आणि आपले सणवार नीट द्यायचे आहेत. आधी शुद्ध मराठी शिकवू का? कोणतं पुस्तक आणू?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : पुस्तकाचं नंतर बघू. आधी उठून सासूबाईंकडं जा आणि सांगा, ‘आई, माझं चुकलं. तुम्ही तिच्याशी बोला, जसं बोलत होता तसंच.’ हे आजच करा. तुमच्या घरात मराठीचं सगळ्यात मोठं भांडार त्या माउलीजवळ आहे आणि त्याचं दार तुमच्याकडून लोटलं गेलंय. रागावू नका, मीही हेच करून बसले आहे, म्हणून सांगते.

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत चौथीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, ‘मला लई भूक लागली होती खरं आईनं अजून भाकरी केली नव्हती.’ मी ‘लई’ला लाल गोल केला, ‘खरं’ला लाल गोल केला आणि वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. आपल्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे मला ठाऊक नव्हतं का? मी इथल्या मंगळवार पेठेतच वाढले. त्या पोरीनं वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. तिच्या भुकेची गोष्ट मी ऐकलीच नाही, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

पुढच्या वर्षापासून मी फळ्यावर दोन रकाने करायला लागले. एकावर लिहायचं ‘घरात’, दुसऱ्यावर ‘पुस्तकात’. वाईच – थोडं. हितं – इथं. खरं – पण. मुली म्हणायच्या ‘मी आलो’, शेजारी लिहायचं ‘मी आले’. कुठल्याही रकान्यावर फुली नाही. पोरं घरून शब्द घेऊन यायची, आजीला विचारून यायची, आणि परीक्षेत बरोबर ‘मी आले’ लिहायची. मुलांना दोन्ही सांभाळता येतं, आपण त्यांना लाजवलं नाही तर.

‘मी जेवलो’बद्दल मुलीला नीट समजावून सांगा. कोल्हापुरात कितीतरी बायका असंच बोलतात. मीही घरात ‘जातो गं, येतो गं’ म्हणते आणि इथं तुम्हाला ‘म्हणते’ असं लिहिते. शेजारच्या कन्नडमध्ये तर ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ या दोन्हींना एकच रूप आहे. स्वतःबद्दल बोलताना बाई-पुरुष असा भेद त्यांच्या क्रियापदात होतच नाही. तिला म्हणा, ‘पुण्याची माणसं हसली कारण त्यांना आपली बोली माहीत नाही. तुला मात्र दोन्ही माहीत आहेत.’

शाळेच्या सांगण्याचं म्हणाल, तर माझं मत स्पष्ट आहे. घरात मराठी बोलल्यानं पोराचं इंग्रजी मागं पडत नाही. एका भाषेत पक्का झालेला विचार दुसऱ्या भाषेत नेता येतो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं, असंच म्हटलंय. तुम्ही माध्यम निवडलंत, तो तुमचा निर्णय. पण घराचं माध्यम शाळेनं ठरवायचं नाही.

आता ती बोलती कशी होईल? तिला ‘मराठीत बोल’ असं सांगू नका. मराठीशिवाय होणारच नाही असं काम द्या. सासूबाई भाकरी करतात ना? रविवारी पोरीला काटवटीजवळ बसवा. पीठ जुनं झालं की त्याची चिकटाई जाते आणि थापताना भाकरीला कडेनं चिरा पडतात, म्हणून आजी आधणाचं पाणी घालते, हे तिला आजीकडूनच कळू दे. तव्यावर टाकली की पाण्याचा हात फिरवायचा, पाणी वाळायच्या आत उलथायची. मग पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. काटवट, आधण, उलथनं, पापुद्रा या शब्दांना तिच्या शाळेच्या इंग्रजीत जागाच नाही. पोळलेल्या बोटाबरोबर ते कायमचे तिचे होतील. पहिली भाकरी नकाशासारखी झाली तरी तीच तिच्या ताटात वाढा.

सणवारांचंही तेच. तुम्ही ‘नीट द्यायचे आहेत’ म्हणता, म्हणजे साडी, रांगोळी आणि फोटो एवढंच नको आहे, असं मी समजते. मग येत्या हस्त नक्षत्रात हादगा करा. सप्टेंबर संपता संपता ते लागतं. भिंतीवर समोरासमोर तोंड केलेल्या हत्तींचं चित्र, त्याला फळांची माळ, आणि अपार्टमेंटमधल्या पाच-सहा मुली. मुलगे आले तर त्यांनाही फेरात घ्या. सोळा दिवस जमणार नाही, चार दिवस करा. गाणी सासूबाईंना येत असतीलच.

हादग्यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे खिरापत ओळखणं. झाकलेला डबा कानाशी हलवायचा. ‘गोड का तिखट?’ ‘तळलेलं का भाजलेलं?’ ‘वाजतंय म्हणजे लाडू न्हवं!’ शेंगदाण्याची चिक्की, चुरमुरे, दडपे पोहे, करंजी, खारी डाळ, एकेक नाव घेत पोरी ओरडत असतात. ओळखायचं तर नाव ठाऊक पाहिजे आणि नाव मराठीतच घ्यायचं. एका संध्याकाळी दहा मिनिटांत जेवढं बोलणं होतं, तेवढं माझ्या तासाला कधी झालं नाही. खिरापत तुमच्या मुलीला आणि सासूबाईंना मिळून करू द्या, आणि काय केलंय ते तुम्हालाही सांगायचं नाही असं ठरवा. गुपित राखायचं म्हणजे आजी-नातीला एकमेकींशी कुजबुजावंच लागेल.

आषाढात पंचगंगेचं नवं पाणी कलशातून टेंबलाई देवीला नेतात, तेव्हा तिला तिथं घेऊन जा. तो ‘पी ढबाक’ बाजा आणि डोक्यावर कलश घेतलेल्या पोरीबाळी तिनं जवळून बघाव्यात. येताना प्रश्न विचारू नका, तीच विचारेल.

आणि पुस्तक. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालापासून या गावात आहे. तिला तिथं न्या आणि तिचं तिला निवडू द्या. रात्री आजीला वाचून दाखवायचं. अडलं तर आजी सांगेल. तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात थांबा, मध्ये दुरुस्ती करायला जाऊ नका.

प्रश्न : नातू जर्मनीत आहे, सहा वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर ‘कसा आहेस?’ म्हटलं की ‘बरा’ म्हणतो आणि पळतो. त्याच्याशी बोलायचं काय?
– एक आजोबा, कसबा बावडा

उत्तर : आजोबा, ‘कसा आहेस’ला ‘बरा’शिवाय दुसरं उत्तर नसतं. त्याच्याकडून एखादा निर्णय मागा. बेंदराच्या, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाच्या, आधीच्या रविवारी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जा आणि तिथूनच फोन लावा. आपल्याकडं दहा वाजले की त्याच्याकडं साडेसहा, म्हणजे नुकताच उठलेला असेल. मातीची बैलजोडी समोर धरा. ‘कुठली घेऊ? ही बघ, ह्याचं शिंग वाकडंय. झूल कुठल्या रंगानं रंगवू?’ तो सांगेल त्याच रंगानं रंगवा आणि बेंदरादिवशी पाटावर मांडून पुन्हा फोन करा. बैलांची नावंही त्यालाच ठेवू द्या.