‘आजार पाहता स्वाभाविक’

प्रिय डॉक्टर,

काल त्या बाईंच्या केसपेपरवर तू लिहिलंस, ‘उदास आहेत. आजार पाहता स्वाभाविक.’ ते शेवटचे तीन शब्द मनातून जाईनात, म्हणून लिहिते आहे.

मेंदूत गाठ आहे म्हणजे माणूस खचणारच, असं धरून चाललो की आपलं विचारणं थांबतं. नीट मुलाखत घेऊन तपासलं तर ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या, रुग्णांपैकी साधारण 15 ते 20 टक्क्यांना नैराश्य आढळतं. बाकीचे दुःखी असतात, घाबरलेले असतात, पण नैराश्यात नसतात. म्हणून ‘याच माणसाला का?’ हे शोधावं लागतं.

पहिला प्रश्न: याआधी कधी असं झालं होतं का? पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना धोका जास्त. मग रोजचं जगणं बघ. बटण लावता येत नाही, तोंडाशी आलेला शब्द सापडत नाही, प्रत्येक गोष्टीला कुणाचा तरी हात लागतो, अशी माणसं लवकर खचतात.

औषधांकडे तर माझं विशेष लक्ष असतं. मेंदूची सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनने झोप उडते, मूड वरखाली होतो. फिट्सवरच्या लेव्हेटिरासिटॅमने चिडचिड आणि उदासी दोन्ही येऊ शकतात. डोस बदलल्याची तारीख आणि मन बिघडल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून बघ. मात्र यातलं काहीही एकदम बंद करायचं नाही. रेडिएशननंतर थायरॉइडही तपास.

गाठ कपाळामागे असेल तर आणखी एक फसगत होते. माणूस नुसता बसून राहतो, काही सुरूच करत नाही. ती निरिच्छा असू शकते, दुःख नव्हे. त्यालाच विचार, ‘आतून वाईट वाटतं का?’

पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घे, पण झोप, भूक आणि थकवा यांचे गुण या आजारात असेही वाढतात. पहिल्या दोन प्रश्नांवर थांब: कशात रस वाटतो का, मन खिन्न असतं का. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. तो संकोचाने गाळू नकोस. विचारल्याने तसे विचार मनात रुजत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

काल तू पुढच्या खाटेकडे वळलीस, तेव्हा बाईंची मुलगी मला हळूच म्हणाली, ‘धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर आई वर्षभर कुणाशी बोलत नव्हती.’ उद्या त्यांच्याकडे जाऊन बस. मी मानसोपचारतज्ज्ञांना कळवलं आहे.

तुझी,
मॅडम