लुक्कात स्केचिंग : परवानगीच्या मागे लागू नका

तुम्ही लिहिलंय की इटलीतल्या लुक्का शहरात चार दिवस आहात, शहराभोवतीचा तट आणि चर्चेस रेखाटायची आहेत, पण परवानगीच्या ईमेलला उत्तर येत नाही. वाचून पोटात गोळा आला. याच फेऱ्यात माझे चारातले दोन दिवस गेले.

मी थेट एका कार्यालयात गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, मग इटालियन फॉर्म, त्यावर लावायला १६ युरोचं सरकारी मुद्रांक-तिकीट. ते मिळतं तंबाखूच्या दुकानात, आणि दुकान दुपारी बंद. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला तेव्हा कळलं, तो रस्त्यावर ईझल मांडून चित्रं विकणाऱ्यांसाठी होता! वही हातात धरून रेखाटायला काही लागत नाही म्हणे. हे आदल्या दिवशी कुणी विचारूही नये? अजून संताप होतो. चूक माझीही होती. मी "पेंटिंग करायचंय" म्हणाले, वही दाखवलीच नाही. तुम्ही आधी वही दाखवा. (हा माझा अनुभव, नियम बदलू शकतात. चर्चच्या आत आणि संग्रहालयात मात्र विचाराच.)

आता चित्रांबद्दल. सुरुवात सान मिकेले चर्चच्या दर्शनी भिंतीपासून करू नका, असं माझं ठाम मत आहे. तिथले खांब एकासारखा दुसरा नाही, त्यातच दिवस संपतो. काढायचीच तर बाजूने काढा. वरचा भाग छताच्या कितीतरी वर, मागे काही नसताना नुसता उभा आहे, ते समोरून कळत नाही.

तट सोळाव्या-सतराव्या शतकातला, सव्वाचार किलोमीटरचा. बहुतेक लोक वर चढून फिरतात आणि तिथूनच काढायला बसतात. वरून दिसतो तो झाडांचा रस्ता. तट बाहेरच्या गवतावरूनच दिसतो. वसईच्या किल्ल्याचे कोनदार बुरूज पाहिले असतील तर ही जात ओळखीची वाटेल. तोफांच्या काळातली बांधणी, उंची कमी आणि पसारा मोठा. म्हणून वहीची दोन्ही पानं आडवी घ्या. विटा मोजत बसू नका. भिंत खालून वर किंचित आत कलते, तो कल साधला की निम्मं काम झालं.

स्टेशनातून बाहेर पडलात की दक्षिणेचा तट जवळच आहे. सकाळी ऊन तिरपं असतं, बुरुजांच्या सावल्या स्पष्ट पडतात. पहिलं पान तिथेच काढा.