नॉटिकल अल्मनॅकवरून कुंडली मांडता येईल का?

तुम्ही विचारलंय की नागपुरात ज्योतिष शिकताय, जहाजावरचं जुनं नॉटिकल अल्मनॅक हाती आलंय, तर पंचांगाऐवजी ते चालेल का. लग्नापुरतं, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास काढण्यापुरतं, उत्तम चालेल, सगळ्या कुंडलीला नाही. मर्चंट नेव्हीत असताना हे पुस्तक, म्हणजे खलाशांसाठीची सूर्य, चंद्र, ग्रह, ताऱ्यांच्या जागांची वार्षिक सारणी, मी रोज हाताळायचो आणि पंचांग घरातलंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोजच्या पानावर पहिलाच रकाना ‘एरीज’चा, म्हणजे वसंतसंपात बिंदूचा; आकाशातली मापं तिथून मोजतात. जन्मवेळेतून साडेपाच तास वजा करा, त्या ग्रीनिच वेळेचा एरीजचा कोन घ्या आणि नागपूरचे पूर्व रेखांश 79°05′ मिळवा. बेरीज 360 च्या वर गेली तर 360 वजा करा. 15 ने भागलं की स्थानिक नाक्षत्र काळ, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने तिथली वेळ, मिळाला; त्यावरून लग्न द्यायला लग्नसारणी आहेच. पुस्तक दुसऱ्या वर्षाचं असलं तरी हा कोन साधारण एका अंशाच्या आतच चुकतो.

ग्रहांना मात्र जन्मवर्षाचंच पुस्तक लागतं, आणि त्यातही बुध सापडणार नाही. तो सूर्याजवळ राहतो, सेक्स्टंटने, म्हणजे क्षितिजापासूनची उंची मोजायच्या उपकरणाने, धरायला अवघड. राहू-केतू तर दिसतच नाहीत, खलाशाला त्यांचं काय काम?

जे ग्रह आहेत त्यांची मापंही वेगळी. उदाहरणाला चित्रा तारा बघा, ग्रहांनाही हाच हिशेब. अल्मनॅकमध्ये ती ‘स्पायका’: एरीजपासून पश्चिमेकडे सुमारे 158½°, क्रांती (विषुववृत्तापासूनचं अंतर) दक्षिण 11°. 360 मधून वजा केले की 201½°. हे आकाशातल्या विषुववृत्तावरचं माप. गणिताने क्रांतिवृत्तावर, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गावर, आणलं की सायन भोग (वसंतसंपातापासूनचं अंतर) 204° होतो, त्यातून 24° अयनांश (संपात आणि पंचांगातला राशींचा आरंभ यांतलं अंतर) गेले की 180°, म्हणजे चित्रा 180° वर धरणाऱ्या चित्रापक्षाप्रमाणे तुळेचा आरंभ. टिळक पंचांगाचे अयनांश वेगळे आहेत, तेव्हा गुरुजी कोणते धरतात ते आधी विचारा.

उलट, पंचांगावर जहाज हाकायचा विचारही नको. मिनिटभराची चूक कुंडलीत खपते, जहाजावर नाही: घड्याळ मिनिटभर चुकलं तर लग्न साधारण पाव अंश हलतं, पण नागपूरच्या अक्षांशावर तुम्ही काढलेली जागा 26 किलोमीटर सरकून कामठीच्या पलीकडे जाते. खलाशाची चूक किनारा दिसताच उघडी पडते. फलिताला अशी कसोटी नाही, म्हणून आकड्यांची अचूकता फलिताच्या नावावर जमा करू नका, असं मला मनापासून वाटतं.

बुधासकट सगळे ग्रह हवे असतील तर कोलकात्याच्या पोझिशनल अॅस्ट्रॉनॉमी सेंटरचं इंडियन अॅस्ट्रॉनॉमिकल एफेमेरिस मागवा.